नकाशावर पऱ्या नव्हता

महाडला माझं छोटं ऑफिस आहे. घरांचे प्लॅन, एस्टिमेट, बँकेच्या कर्जाला लागणारे नकाशे, एवढाच पसारा. 2022 च्या जानेवारीत त्याला एक काम चिकटलं ते अजून सुटलेलं नाही. आजोळच्या वाडीचं, अडतीस घरांचं, पुनर्वसन. वाडीचं नाव लिहीत नाही, वाडीतल्यांनीच नको म्हणून सांगितलंय. महाड-पोलादपूरच्या डोंगरात अशा वाड्या ढिगाने आहेत, कुठलीही धरून चाला.

22 जुलै 2021 ला पाणी माझ्या ऑफिसच्या शटरवर चढलं होतं. महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यातला पश्चिमेकडचा वाटा सावित्रीतून आमच्याच अंगावर येतो. त्याच दिवशी तळियेवर दरड आली, 87 माणसं गेली. फोन बंद, वीज बंद, रस्ते पाण्यात. आमच्याच तालुक्यातली बातमी, आणि ती आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली. मामीच्या वाडीत त्या रात्री कोणी गेलं नाही. वाडीच्या वरच्या अंगाला, काजूंच्या पलीकडे, एक भेग पडली. म्हशीचा पाय अडकेल इतकी रुंद आणि साठ-सत्तर पावलं लांब.

पावसाळा ओसरल्यावर भूवैज्ञानिक आले. त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायला लावल्या आणि दर आठवड्याला टेपने अंतर मोजून वहीत लिहा म्हणाले. शेजारच्या घरातला दहावीचा पोरगा मोजायचा. त्याची वही मी पाहिली आहे, भूगोलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख आणि सेंटिमीटर. वाडी हलवावी, असा त्यांचा अहवाल आला. त्याचं कारण त्यांनी वाडीतल्या लोकांना उभ्या-उभ्याच समजावलं होतं. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी गेरूसारखा लाल, मऊ पट्टा असतो. वरून मुरलेलं पाणी कातळाच्या चिरांतून उतरत येतं, या पट्ट्याशी अडतं, आडवं होतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा म्हणून बाहेर पडतं. फार पाऊस झाला की पाण्याला निघायला वाट पुरत नाही, मग वरची माती-मुरूम घेऊनच ते निघतं. आपल्या वाड्या झऱ्याच्या आधाराने वसलेल्या, त्यामुळे त्या बरोबर अशाच जागी आहेत.

अहवाल आल्यावर गावाने मला धरलं. "तू आपला हायस, शिकलेला हायस, नकाशा काढून दे." पैशांचं कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. प्रस्तावासोबत जागेचा आराखडा लागतो, तो मी करायचा आणि पुढे सरकारी इंजिनिअरने तपासायचा, असं ठरलं.

जागा तर सगळ्यांच्या तोंडी एकच होती. वाडीपासून अर्धा किलोमीटर, डोंगराच्या पोटातच, पण सपाट. पाच एकरांचा माळ. एका कुटुंबाचा, ते मुंबईला, विकायला तयार. रस्ता जवळ, फणसाची चार मोठी झाडं, बारमाही ओल. मी डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंच-सखल मोजायची दुर्बीण, घेऊन गेलो. चढ निघाला दहाला एक. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करू नये असा दंडक आहे, आणि हा माळ त्याच्या निम्म्यात. कटिंग, म्हणजे डोंगर कापणं, जवळजवळ नाही. मी दोन रविवारी बसून आराखडा केला, प्रत्येकी दोन गुंठ्यांचे अडतीस प्लॉट, मधून सहा मीटरचा रस्ता, एका टोकाला शाळा आणि अंगणवाडी. बघायला देखणा. मी तो ऑफिसात भिंतीवर लावला होता, हेही कबूल करतो.

ग्रामसभेत मात्र पहिला तास भलत्याच विषयावर गेला. आमच्या भागातली गावं पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहेत. तो मसुदा पहिल्यांदा मार्च 2014 मध्ये निघाला आणि तेव्हापासून पुन्हा पुन्हा निघतोच आहे. गावात त्याचा अर्थ एवढाच पोचलाय की आता घराची कौलंसुद्धा बदलता येणार नाहीत. एकाने उठून विचारलं, "झोन लागला तर ह्या घरांना परवानगी मिळंल काय? का दरडीखाली मरा म्हणायचंय?" मसुद्यातली बंदी खाणी, दगडखाणी, औष्णिक वीज, प्रदूषण करणारे कारखाने आणि 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. मी फळ्यावर हिशेब केला. पाचशे चौरस फुटांची अडतीस घरं म्हणजे 19,000 चौरस फूट, जेमतेम 1,765 चौरस मीटर. त्यांच्या मर्यादेचा दहावा हिस्सासुद्धा नाही. लोकांना पटलं असं म्हणवत नाही. फळ्यावरच्या आकड्याला टाळी पडते, पण घरी जाताना पुन्हा "झोन" हाच शब्द कानावर येतो.

मग वर्षभर काही हललं नाही. फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर. दर पावसाळ्यात इशारा आला की वाडी शाळेत आणायची, चार दिवसांनी परत न्यायची. म्हशी मात्र वाडीतच राहायच्या, म्हणून माणसं रात्री शाळेत झोपायची आणि पहाटे धारा काढायला दरडीखाली जायची. मामी त्यातलीच.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तीही रायगड जिल्ह्यातलीच, आणि ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्यानंतर आमच्या फाइलला एकदम पाय फुटले. पंधरा दिवसांत फोन, माळावर चाचणीचे खड्डे घ्या, भूवैज्ञानिक येतायत.

जेसीबीने चार खड्डे घेतले. पहिल्या दोन-अडीच फुटांत काळपट माती, त्याखाली लाल. इथपर्यंत ठीक. आमच्याकडे लाल मातीखाली मुरूम लागतो, मुरुमाखाली कातळ, आणि मुरुमात जुन्या दगडाचे पापुद्रे कांद्यासारखे ओळखू येतात. इथे आठ फुटांवर गेलो तरी मुरूम नाही. लाल चिकण मातीत दगड, कुठे मुठीएवढा, कुठे रांजणाएवढा, कुठलाही कसाही अडकलेला, आडवा, उभा, तिरपा. एकाला जांभ्याची छिद्रं आणि त्याच्याच बाजूला निळसर काळवत्थर. जांभा आमच्याकडे डोंगरमाथ्यावर असतो, काळवत्थर खाली. दोघं एका खड्ड्यात शेजारी कसे? तिसऱ्या खड्ड्यात नऊ फुटांवर बाजूच्या भिंतीतून पाणी पाझरायला लागलं, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात. दुपारपर्यंत तळाशी वीतभर साचलं.

भूवैज्ञानिक बाई खड्ड्यात उतरल्या होत्या. चिखलाने भरलेले हात साडेनऊशे रुपयांच्या पँटला पुसत (किंमत त्यांनीच नंतर चहाला सांगितली) वर आल्या आणि म्हणाल्या, "ही जमीन इथली नाहीये. वरून आलीय."

मी मान वर करून पाहिलं. माळाच्या मागे डोंगराला एक खोलगट वळण आहे, खुर्चीच्या पाठीसारखं. लहानपणी आम्ही त्यालाच "कोनाडा" म्हणायचो आणि तिथे करवंदं काढायला जायचो. तो कोनाडा म्हणजे सुटलेल्या दरडीची जागा, आणि माळ म्हणजे ती दरड. कधीची कोणास ठाऊक, शेपाचशे वर्षांची असेल नाही तर हजारो. म्हणून माळ सपाट, म्हणून ओल बारमाही, म्हणून फणस एवढे माजलेले.

घरी आल्यावर मी त्या गटाचा सातबारा पुन्हा काढला. दीड वर्ष तो माझ्या फायलीत होता. नावं, क्षेत्र, आकार, पोटखराबा, इतर हक्क, सगळं पाहिलेलं. सातबाऱ्यावर "शेताचे स्थानिक नाव" असा एक रकाना असतो. बहुतेक ठिकाणी तो रिकामा असतो, म्हणून नजर तिथे थांबतच नाही. या उताऱ्यावर तो भरलेला होता. तिथे लिहिलं होतं: ढासळ.

मामीला विचारलं तर ती म्हणाली, "तर काय. ढासळीतच ना आमची नाचणी असायची." सगळ्या वाडीला माहीत होतं. आम्ही सर्व दीड वर्ष त्या जागेला "नियोजित स्थळ क्रमांक 1" म्हणत होतो, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. भिंतीवरचा नकाशा मी त्याच संध्याकाळी काढला. त्यात आणखी एक गोष्ट दिसली. माळाच्या कडेने एक पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओहोळ, जातो, पावसाळ्यात कमरेएवढा, एरवी कोरडा. मी मोजणी मार्चमध्ये केली होती. शाळा आणि अंगणवाडी मी त्या पऱ्यात बसवली होती.

दुसरी जागा शोधताना मी आधी म्हातारी माणसं गोळा केली आणि डोंगरावरच्या प्रत्येक शेताचं नाव लिहून घेतलं. पाणखोल, झरीचा कोंड, सोंड, खडपा, वाघबीळ. पाण्याची आणि कोसळण्याची नावं वगळली की तीन उरली. त्यातली सोंड बरी वाटली. डोंगरातून पुढे आलेला रुंद दांडा, दोन्ही बाजूंनी पाणी आपोआप उतरून जाणारं, मागे उंच कडा नाही. खड्डे घेतले, चार फुटांवर मुरूम, सात-आठ फुटांवर कातळ. भूवैज्ञानिक बाईंनी मुरुमाचे पापुद्रे हातात चुरून बघितले आणि पहिल्यांदाच हसल्या.

पण सोंडेला माळाचं एकही सुख नाही. चढ सहाला एक, काही ठिकाणी जवळजवळ पाचाला एक. पाणी नाही, झरा साडेआठशे मीटर लांब. आणि उताऱ्यावर एकतीस सहहिस्सेदार. निम्मे परळ, नालासोपारा, दिव्याला. दोन वारलेले, वारस नोंद नाही. एक भाऊ दुसऱ्याशी बावीस वर्षं बोलत नाही, कारण एका आंब्याची फांदी. संमतीपत्रांसाठी तारखा दिल्या, कोणी आलं नाही. शेवटी 2024 च्या गणपतीत सगळे चाकरमानी गावात असताना सोमजाईच्या देवळात बैठक लावली. आरती झाल्या झाल्या, प्रसाद वाटायच्या आधी. प्रसादासाठी थांबलेला माणूस उठून जात नाही, ही अक्कल पोलीस पाटलांची. एकोणतीस सह्या त्या रात्री झाल्या. आंब्याच्या फांदीवाल्या दोन भावांनी वेगवेगळ्या खांबांना टेकून सह्या केल्या.

त्याच्या महिनाभर आधी, 30 जुलैला, वायनाडची दरड झाली होती. बरोबर दहा वर्षांपूर्वी, 30 जुलै 2014 ला, आंबेगावातलं माळीण गेलं होतं, 151 माणसांसह. माळीणचं नवं गाव मी मुद्दाम पाहून आलो होतो. तिथे एप्रिल 2017 मध्ये लोकांना घरं मिळाली आणि जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात भराव खचून रस्त्यांना, अंगणांना तडे गेले. घरं मजबूत होती, पायाखालची भर बसलेली नव्हती. तिथे एका आजोबांनी मला अंगणाचा कोपरा दाखवला. फरशीचा सांधा पुन्हा भरलेला होता, पण पाय फिरवला की कळत होता.

म्हणून सोंडेच्या नकाशात मी एकच हट्ट धरला, भर कमीत कमी. घरांच्या ओळी चढाच्या आडव्या, डोंगराच्या वळणाबरोबर वळणाऱ्या. प्रत्येक घराचं जोतं मागे कमी, पुढे जास्त. दोन ओळींत दगडी गडगा, त्याला पाणी झिरपायला भोकं. सगळ्यांच्या वर, डोंगराच्या बाजूने, एक चर, म्हणजे वरचं पाणी वस्तीत शिरायच्या आधीच दोन्हीकडच्या पऱ्यांना मिळेल. पऱ्यांपासून दहा मीटर काही नाही, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा नाही. हा नकाशा बघून तपासणारे साहेब म्हणाले, "हे काय, सापासारखं? सरळ चार ओळी काढा, सुटसुटीत दिसतं, अंदाजपत्रकही सोपं जातं." सरळ ओळी काढल्या तर कटिंग-भराव किती वाढतो त्याचे घनमीटर मी काढून नेले. त्यांनी आकड्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि सही केली. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे अशी आणखी गावं होती.

गोठ्यांचं तेवढं जमलं नाही. योजनेच्या नमुन्यात घर आहे, शौचालय आहे, रस्ता, वीज, पाणी, समाजमंदिर आहे. गोठ्याला रकाना नाही. वाडीत घरटी दोन जनावरं धरली तर पाऊणशे डोकी, त्यांचं शेण, मूत, पेंढा. बायकांनी नकाशावर पहिला प्रश्न तोच विचारला. "म्हस कुठं बांधायची?" मी "सार्वजनिक सुविधा (बगीचा)" असं लिहून खालच्या टोकाला एक लांबट पट्टा राखला आणि आतल्या आत सर्वांना सांगून ठेवलं की हे गोठे. कागदावर तिथे अजून बगीचा आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये सपाटीकरण सुरू झालं. तेव्हा माझं आणि वाडीचं पहिलं खरं भांडण झालं. मी म्हणत होतो, जमीन तयार झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्या, भर बसू द्या, चर कुठे तुंबतो ते कळू द्या, मग घरं. वाडी म्हणत होती, आणखी एक पावसाळा शाळेत? शेजारचा तो पोरगा आता कॉलेजला आहे. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, भेगेची वही माझ्याकडं हाय. गेल्या सालात अकरा सेंटिमीटर. तुम्ही महाडात झोपता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. निर्णय माझ्यामुळे झाला नाही. पैशांचा पुढचा हप्ता उशिरा आला आणि पावसाळा आपोआप मधे पडला.

एप्रिलमध्ये देवळात चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले. भावकी भावकीजवळ राहावी म्हणून आधी तीन गट केले, मग गटात चिठ्ठ्या. मामीला 15 नंबर आला, उत्तरेचं टोक, शेजारी 14 मध्ये तिची जाऊ. तिथून खाली सगळं खोरं दिसतं. मामी दुसऱ्याच दिवशी काठी घेऊन चढून गेली, तिथे बसली, चूल कुठे, तुळस कुठे, न्हाणी कुठे ते दगड मांडून ठरवलं. दगड अजून तिथे आहेत.

उत्तरेच्या टोकाला सोंडेला एक खळगा होता. पूर्ण उतारावर तेवढ्याच ठिकाणी भर टाळता आली नव्हती, सात-साडेसात फुटांची. थर फूटभराचे टाकायचे, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हे संपेल असा हिशेब होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाने झोडपायला सुरुवात केली आणि 26 मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचलासुद्धा, नोंदी आहेत तेव्हापासूनचा सर्वांत लवकर. वरचे तीन थर रोलर न फिरताच भिजले. पोकलेन चिखलात रुतलं ते तिथेच राहिलं.

मग मीही खुंट्या ठोकल्या. भरावावर सहा, कातळावर एक, कातळावरच्या खुंटीवरून लेव्हल लावून बाकीच्यांची उंची घ्यायची. जून ते सप्टेंबर दर रविवारी गेलो, एक रविवार सोडून, त्या दिवशी घाटात झाड पडलं होतं. वरच्या चराने काम चोख केलं. एका ठिकाणी पाला साचून तुंबला, तिथे कोपरा गोल करायचा आहे. गडगे उभे राहिले. एकाच ठिकाणी फुगवटा आहे, तो उतरवून पुन्हा रचावा लागेल. भरावावरच्या सहा खुंट्यांपैकी चार दोन-तीन सेंटिमीटर बसल्या आणि ऑगस्टनंतर थांबल्या. टोकाकडच्या दोन थांबल्या नाहीत. सप्टेंबरअखेर एक चौदा सेंटिमीटर खाली, दुसरी सतरा, आणि कडेला बोट जाईल एवढी, कमानीसारखी वळलेली एक बारीक चीर.

गेल्या आठवड्यात सुधारित आराखडा दिला. प्रत्येक गटावर शेताचं स्थानिक नाव लिहिलं आहे आणि पऱ्ये निळ्या शाईत आहेत. दोन प्लॉट कमी करून दक्षिणेला, रस्त्याच्या मागच्या अंगाला हलवले. तिथून खोरं दिसत नाही, समोर गोठ्यांचा पट्टा येतो. रद्द केलेले नंबर 14 आणि 15.

मामीचा काल फोन आला होता. दिवाळीनंतर जुन्या घराची सागवानी चौकट काढायला माणूस बघ, म्हणाली, नव्या घराला लावायची आहे, माप घेऊन ठेव. मी बरं म्हटलं. प्लॉटचं अजून तिला सांगितलेलं नाही. रविवारी जातोय.